वरचं कपाट, खालचं कपाट

चार मराठी माणसांनी मिळून काही काढलं की वर्षभरात पोतंभर किस्से जमतात. इथे परदेशात, आमच्या मरीन परेडच्या कॉन्डोत, म्हणजे फ्लॅटच्या संकुलात, वाचनालय निघालं तेव्हाचेही जमले. पण हे मी पार्टीत सांगत नाही.

सार्सची साथ ओसरल्यानंतरच्या वर्षी आम्हाला एक एसी खोली मिळाली. अध्यक्ष देशमुख साहेब, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. सेक्रेटरी मी. पहिल्या मीटिंगला पुस्तकांवर पाच मिनिटं बोललो आणि आत कोणी बसायचं यावर दोन तास! नियम ठरला: मेड आणि कामगारांना प्रवेश नाही. इंडोनेशियन, फिलिपिनो, बांगलादेशी हे शब्द कागदावर कुठेच नव्हते. गरजच नव्हती.

"हा भेदभाव नाही, शिस्त आहे," देशमुख म्हणाले. मी मिनिट्समध्ये 'एकमताने मंजूर' असं लिहिलं.

*

मग कुणाला तरी बोचलं असावं. बेसमेंटमध्ये, कचऱ्याच्या खोलीशेजारी 'त्यांच्यासाठी' वेगळं कपाट ठेवलं. त्यात जुनी मासिकं आणि मुलांनी सोडवून टाकलेली गणिताची पुस्तकं. उद्घाटनाचे पेढे मात्र दोन्हीकडे वाटले. देशमुखांना याचं फार समाधान.

*

एका रविवारी काळासावळा, धुळीनं माखलेले बूट घातलेला माणूस जड पिशवी घेऊन दारात आला. मी इंग्लिशमध्ये त्याला बेसमेंटचा रस्ता दाखवला. तो पिशवी उचलून खाली गेला. आठवड्यानं कळलं की तो नांदेडचा सिव्हिल इंजिनियर, सेंगकांगच्या बांधकामाच्या साइटवरून थेट आलेला. पिशवीतली चाळीस मराठी पुस्तकं आम्हाला द्यायला आणली होती. ती खालच्या कपाटात नीट लावून गेला होता.

ती वर आणावीत असा ठराव झाला. आणायला खाली कोण जाणार, यावर मीटिंग संपली.

*

देशमुखांचे वडील, अप्पा, साताऱ्याकडचे निवृत्त मास्तर. नजर गेलेली. नातवाला वाचायला बसवलं की तो इथल्या इंग्लिशमध्ये "कॅनॉट, लाह" म्हणून पळायचा. म्हणून अप्पांनी दिसत होतं तेव्हाच घरच्या मेडला, सितीला, बाराखडी शिकवून ठेवली होती. जावा बेटावरची पोरगी, वर्षभरात घडाघडा मराठी वाचायला लागली. अप्पांना वाचनालयात बसून ऐकायची हौस. नियमामुळे सिती दाराबाहेर उभी राहून वाचायची, अप्पा दाराच्या आत खुर्चीत. गार हवा बाहेर जाते अशी तक्रार आली, तेव्हा मीच दार बंद ठेवायची नोटीस लावली. अप्पा पुन्हा आले नाहीत. सिती दारातूनच पुस्तकं घरी नेऊ लागली.

*

अप्पा गेले त्याच्या पाचव्या दिवशी सिती दारात आली. काम संपलं होतं, दुसऱ्या दिवशी तिची फ्लाइट होती. हातात एक कादंबरी. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"सर, बारा पानं राहिली," ती मराठीत म्हणाली. "अप्पा म्हणाले होते, मी ऐकायला नसलो तरी तू पुरं कर. इथे बसून वाचू? मग जाते."

मी तिच्या हातातून पुस्तक घेतलं, रजिस्टरमध्ये 'परत' लिहिलं आणि दार लावून घेतलं.