धुरपताबाईच्या काचा

गोंदियाच्या आमच्या कॉलेजात मी बावीस वर्षं नळ आणि मोटारींचं काम केलं. त्यातली शेवटची सहा वर्षं धुरपताबाई भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचसामान धुवत होती. नागऱ्याहून सायकलने यायची. काम करणारे पुष्कळ पाहिले. तेच काम शंभराव्यांदाही पहिल्यासारखं करणारे फार थोडे. ती त्या थोड्यांतली.

तिची सुरुवात मात्र चुकीने झाली. ती स्वतःच सगळ्यांना सांगते, म्हणून मीही लिहितो.

प्रेरणा नावाची चिचगडकडची मुलगी तिथे पीएच.डी. करत होती. जंगलातल्या लाखेचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर काचेवर चढवायचा आणि दमट हवेत तो किती फुगतो ते मोजायचं, हे तिचं काम. त्यासाठी नागपूरहून काचेच्या पट्ट्या येत. त्यांच्या एका बाजूला सोन्याचा मुलामा असे. केसाच्या जाडीचे हजार भाग केले, तर त्यातल्या एकाहूनही पातळ.

पहिल्या खेपेला अकरा पट्ट्या आल्या. धुरपताबाईला कोणी काही सांगितलं नव्हतं. तिने चुलीतली राख आणून त्या घासल्या आणि ओळीने मांडून ठेवल्या.

"मावशी, यावरचं सोनं?" प्रेरणाने विचारलं.

"सोनं? चायचा डाग होता न तो! घासू घासू काढला. एक डाग ठेवला असंन तर सांगा."

प्रेरणाने एकेक पट्टी उजेडासमोर धरून पाहिली. सगळ्या कोऱ्या काचा. तेव्हा धुरपताबाईच्या ध्यानात आलं. तिने सबब शोधली नाही. सरळ प्रयोगशाळेच्या प्रमुखांकडे, राहांगडाले सरांकडे गेली. "सर, सोनं मीच काढलं. आता धुवाचं कसं, ते एक डाव दाखवा."

सरांनी दाखवलं. ती शिकली. पट्टी चिमट्याने, फक्त कडेला धरायची. बोट नाही, फडकं नाही. आधी स्पिरिट, मग पट्टी तिरपी धरून वरच्या कडेने डिस्टिल्ड वॉटर. प्रेरणा म्हणायची, पाच पाणी पुरे. धुरपताबाई सात द्यायची. सहावर थांबलेली मी तिला कधी पाहिली नाही.

पुढची तपासणी यंत्राची. सरफेस प्लाझ्मॉन रेझोनन्स इमेजिंग असं त्याचं लांबलचक नाव. प्रेरणाने मला समजावलं ते असं. लाल उजेड काचेच्या लोलकातून, खालच्या बाजूने सोन्यावर पाडायचा. एका ठरावीक कोनात सोनं तो उजेड गिळतं आणि कॅमेऱ्यात काळं दिसतं. सोन्यावर काहीही चढलं, अगदी बोटाचं तेल का असेना, की तो कोन सरकतो आणि तेवढी जागा उजळते. त्या उजेडावरून थराची जाडी काढतात. म्हणून लाख चढवण्याआधी पट्टी पूर्ण काळीच दिसायला हवी.

पाच वर्षं ती तशी दिसलीही. मागच्या वर्षी नवी खेप आली आणि पट्ट्यांच्या मधोमध उजळ ठिपके दिसू लागले. तीन आठवडे प्रेरणाचं काम अडलं. सरांनी धुरपताबाईला बोलावलं.

"सोमवारपासून तुम्ही गेटवर बसा. काचा धुवायला दुसरी बाई पाहतो."

"बसीन जी. पण चुकी माही असंन तवा."

मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "पगार तोच आहे, बाई. आरामाचं काम आहे."

ती भडकली. "बकारामभाऊ, बसाचंच असतं तर घरी खाट नाही का?"

तिने सरांकडे एक दिवस मागितला. सगळ्यांसमोर दहा पट्ट्या धुतल्या. सात पाणी, सुकवायला नायट्रोजनची फुंकर. पाच स्वतः चिमट्याने यंत्रापर्यंत नेल्या. पाच रोजच्यासारख्या डब्यात घालून कपाटात ठेवल्या.

पहिल्या पाचही तव्यासारख्या काळ्या दिसल्या. एक ठिपका नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी डब्यातल्या पट्ट्या यंत्राला लावल्या. तिसऱ्या पट्टीवर पडद्याच्या मधोमध अंगठा उमटला. बारीक बारीक उजळ रेषा आणि त्यांना तिरका छेद देणारी एक काळी चीर.

सरांच्या उजव्या अंगठ्यावर लहानपणी विळ्याने कापल्याची खूण आहे, हे कॉलेजात सगळ्यांना माहीत. सरांनी अंगठ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. नवी खेप आल्यापासून ते रोज सकाळी डबा उघडून एकेक पट्टी चिमट्याशिवाय, बोटांनीच खिडकीसमोर धरत होते. सोनं शिल्लक आहे ना, हे पाहायला. त्या अकरा पट्ट्या ते विसरले नव्हते.

"सर," धुरपताबाई म्हणाली, "आता तुमाले गेटवर बसवाचं का?"

प्रेरणाने तोंडाला ओढणी लावली. सर आधी लाल झाले, मग हसले. "चूक माझी, धुरपताबाई. तुमचा हात स्वच्छ आहे."

"हात लावतच नाही मी," ती म्हणाली. "म्हणून स्वच्छ हाय."

सोमवारी ती गेटवर बसली नाही. कपाटाची किल्ली तिच्या कमरेला आली. मी निवृत्त होईपर्यंत पाहत होतो. सरांना पट्टी पाहायची असली की ते दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. धुरपताबाई चिमट्याने पट्टी उजेडासमोर धरायची. पाहून झालं की सर मान हलवायचे आणि ती पट्टी पुन्हा सात पाण्यांना घ्यायची. कोणी बोट लावलेलं नसलं तरी.