सहा महिन्यांचं कलम

वकिली सुटली तरी किस्से काही सुटत नाहीत! निकाल लागला की पक्षकार निघून जातो, त्याचा किस्सा मात्र आपल्या डोक्यात मुक्काम ठोकून बसतो. नव्वदच्या दशकात मी कोल्हापूरच्या कोर्टात बापूंकडे ज्युनिअर म्हणून लागले. बापू अपघाताचे क्लेम चालवायचे आणि आमच्या ऑफिसचा वैरी एकच, सहा महिन्यांचं कलम. अपघातात माणूस गेला किंवा जायबंदी झाला, तर भरपाईचा अर्ज सहा महिन्यांत टाकायचा. फारच सबळ कारण असेल तर वर्षभरात. त्यानंतर कितीही रडा, उपयोग नाही! हे लोकांना तोंडावर सांगायचं काम बापूंनी माझ्यावर ढकललेलं.

* * *

शिरोळचा एक शेतकरी कुबड्या घेऊन आला. ट्रकनं पाय चेचलेला, दीड वर्ष दवाखान्यात नाहीतर खाटेवर. मी चाचरत सहा महिन्यांचं कलम सांगितलं.

त्यानं कुबड्या भिंतीला टेकवल्या. "बाई, आमचा ऊस सुदिक वरीसभर वाट बघतोय. तुमच्या कायद्याला एवढी कसली घाई हाय वो?"

मी त्याचे कागद बापूंच्या टेबलावर नेऊन ठेवले.

* * *

मग आल्या गडमुडशिंगीच्या रत्नाबाई कांबळे. नवरा सायकलवरून कारखान्यात निघाला होता, भरधाव ट्रकनं उडवला. ड्रायव्हरवर फौजदारी खटला झाला. रत्नाबाईंचा समज असा, की भरपाई त्याच खटल्यात मिळणार. कुणी वेगळं सांगितलंच नाही! त्यामुळं तीन वर्षं एकही तारीख चुकवली नाही, भाकरी बांधून हजर. एकदा ड्रायव्हरनंच दांडी मारली. पुकारा झाला, तशा ह्या उठून उभ्या. "त्यो न्हाय आला साहेब, पर मी हाय की!"

शेवटी त्याला शिक्षा झाली, वर दंड. तो दंड सरकारजमा होतो, हे मी त्यांना समजावलं.

"सरकारला?" त्या कडाडल्या. "नवरा माझा गेला, का सरकारचा?"

* * *

बापूंना 'नाही' म्हणता यायचं नाही. मुदत गेलेल्यांचे कागदसुद्धा ते ठेवून घ्यायचे, लाल फडक्यात बांधून कपाटाच्या माथ्यावर. आमचे कारकून गुलाबभाई त्या जागेला मसणवटा म्हणायचे. दर दिवाळीला ते गठ्ठे रद्दीत घालायला निघायचे आणि दर दिवाळीला बापू ओरडायचे, "हात लावू नका! कायदा माणसांनीच केलाय, तीच बदलतील."

"तवर आपण ऱ्हातोय का बघा म्हंजे झालं," गुलाबभाई पुटपुटायचे. मीही मनातून गुलाबभाईंच्याच बाजूची होते.

* * *

आणि चौऱ्याण्णवच्या अखेरीस ते कलमच रद्द झालं! मुदत अशी उरलीच नाही. बापू म्हातारपणी स्वतः स्टुलावर चढले आणि धुळीनं शिंका देत गठ्ठे खाली फेकत सुटले. गुलाबभाईंनी आठवडाभर पोस्टकार्डं लिहिली. सगळ्यांत आधी शिरोळकर आले, खांद्यावर दोन ऊस.

"कुणी रद्द केलं म्हणायचं?"

"दिल्लीनं."

"बघा! शिरोळपास्नं तुमच्यापत्तूर यायला मला दीड वरीस लागलं, आन् दिल्लीला तरी कळलं म्हणायचं आमचा पाय मोडल्याला!"

* * *

रत्नाबाईंचा अर्ज मात्र सुखासुखी जाईना. विमा कंपनीच्या वकिलांनी हरकत घेतली. "अपघात झाला तेव्हा कलम होतं. मुदत गेली तेव्हाच हक्क मेला. आता कलम रद्द झालं म्हणून मेलेला हक्क उठून बसत नाही!"

बापू शांतपणे म्हणाले, "हक्क मेला नव्हता साहेब. दाराबाहेर उभा होता. आता दारच काढलंय, तर त्याला आत घ्या."

मग रत्नाबाईंची उलटतपासणी. वकिलांनी आवाज चढवला, "एवढी वर्षं होता कुठं तुम्ही?"

"हितंच की. शेजारच्या कोर्टात, बाकड्यावर. तुमी रोज म्होरनंच जात हुता, साहेब."

जज्जसाहेबांनी पेन खाली ठेवलं. अर्ज टिकला आणि भरपाईही मंजूर झाली. त्या दिवशी मी बाररूममध्ये जाऊन रडले, खोटं कशाला सांगू!

* * *

दोन हजार सालानंतरची गोष्ट. बापू गेले होते आणि ऑफिस मी चालवत होते. एका सकाळी रत्नाबाई दारात. केस पिकलेले, आवाज तोच. मागं पदर तोंडाशी धरलेली एक बाई.

"हिच्या मालकाला गेल्या आठवड्यात हायवेला टेम्पोनं उडवलं. टायर बदलत हुता. अर्ज लिवा."

मी कागद पुढं ओढला. नाव, गाव, मयताचा धंदा? ड्रायव्हर. नाव लिहिता लिहिता माझा हात थांबला. हे नाव मी आधी लिहिलेलं होतं, रत्नाबाईंच्या अर्जात, सामनेवाला, म्हणजे विरुद्ध पक्षकार म्हणून.

मी वर बघितलं.

"व्हय, त्योच," रत्नाबाई म्हणाल्या. "उद्या दहाव्याच्या गडबडीत हिला येळ मिळायचा न्हाय, आन् माझ्यावानी उशीर बी नगो, म्हणून आजच आणली. लिवा की!"