आधी मेन कॉक बंद

वॉशरकाकांचं हे नाव कोणी पाडलं ते त्यांनाच ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं नळदुरुस्ती केली आणि बिघाड कसलाही असो, तो वॉशरच्याच माथी मारला, म्हणून असेल. त्यांची कामाची पद्धतही एकच. घरात शिरलं की कोणाला न विचारता आधी मेन कॉक बंद करायचा आणि मग चौकशीला लागायचं. आतून कोणी डोक्याला साबण फासलेल्या अवस्थेत बोंब मारली तरी काका ढिम्म.

अशा माणसाची बायको एका सकाळी चहा गाळता गाळता कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी काकांना समोर बसवून सांगितलं की रक्त थांबलंय, पण आजूबाजूच्या मेंदूला सूज येतेय. कवटी काही सैल होत नाही, सूज वाढली तर काकू हाती लागणार नाहीत. पेशींच्या भिंतीत प्रथिनांच्या बारीक बारीक वाटा असतात, त्यांतून पाणी आत शिरतं. हे ऐकून काकांचा चेहरा उजळला. अखेर कोणीतरी त्यांच्या भाषेत बोललं होतं.

"मग बंद करा की त्या वाटा," ते म्हणाले.

तसं औषध अजून आमच्या हाती नाही, शिवाय साचलेलं पाणी पुढे त्याच वाटांनी बाहेरही जातं, असं बाई समजावत राहिल्या. पण काकांनी ऐकणं केव्हाच सोडलं होतं.

खाटेशेजारी येऊन बसले तर वर टांगलेल्या बाटलीतून टपटप पाणी, नळीवाटे थेट बायकोच्या हातात. डोक्यात पाणी तुंबलंय आणि ही मंडळी वरून आणखी सोडताहेत. शिकलेल्या लोकांच्या अकलेची त्यांना मनापासून कीव आली. नळीवर एक छोटं चाक होतं. त्यांनी ते अंगठ्याने फिरवलं, थेंब थांबला, आणि काका समाधानाने खुर्चीत रेलले.

दहा मिनिटांनी सिस्टर आल्या आणि बाटलीकडे बघून पांढऱ्याफटक पडल्या. मेंदूतलं पाणी रक्तात ओढून घेणारं औषध त्याच बाटलीत होतं. बाई धावत आल्या, काकूंच्या बुबुळांवर टॉर्च मारला, चाक उघडलं आणि सिस्टरना जाब विचारू लागल्या. काकांना गप्प बसता आलं असतं.

"मी बंद केलं," ते म्हणाले. "मला तेवढंच येतं."

बाई ओरडल्या नाहीत, त्याचंच काकांना जास्त लागलं. आपण बायकोला आपल्याच हाताने मारत होतो, एवढं त्यांना कळलं. खापर फोडायला इथे वॉशर नव्हता. त्या दिवसापासून ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसू लागले.

सूज हळूहळू उतरली. नवव्या दिवशी दुपारी काकूंनी डोळे उघडले, कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

"अहो, पाणी."

भरलेला ग्लास हाताशी होता. काका उठले आणि त्यांनी सिस्टरच्या टेबलापाशी जाऊन, देऊ का, म्हणून विचारलं. गिळता येतं का ते तपासल्याशिवाय पाजायचं नाही, असं म्हणत सिस्टरनी ओला बोळा त्यांच्या हातात दिला आणि नुसते ओठ ओले करायला सांगितलं. काका करू लागले. दर वेळी बोळा टेकवण्याआधी ते सिस्टरकडे बघत होते.