मुद्देमालावरचं नाव

एकतीस वर्षांच्या पोलीस नोकरीतले पुष्कळ गुन्हे मी विसरलो. निवृत्तीनंतर, कॅनडात, ट्रॅकपँट घालून केलेला हा एक तपास मात्र विसरता येत नाही.

माझी मुलगी व्हँकुव्हरच्या एका विद्यापीठात एका विभागाची प्रशासक आहे. केंद्र सरकारच्या संशोधन अनुदानाचे सगळे कागद तिच्या सहीने जातात. सोमवारी सरकारी तपासणी होती आणि अनुदानातून घेतलेलं एक यंत्र गायब होतं. सेंट्रिफ्यूज, आपल्या मिक्सरएवढं. ते मिळालं नाही तर तिची नोकरी जाणार होती. विभागप्रमुखांनी तातडीने समिती नेमली. पहिली बैठक दुसरीची तारीख ठरवण्यात संपली.

शुक्रवारी मी मुलीचा डबा घेऊन गेलो. कॉरिडॉर पुसणाऱ्या, सरे या शेजारच्या शहरातून येणाऱ्या पंजाबी बाईंना हिंदीत विचारलं.

"अंकलजी, वो तो दिवाली के बाद ऊपर गया. मुझसे किसीने पूछा ही नहीं."

ठाण्यातही हेच पाहिलं होतं. झाडू मारणाऱ्याचा जबाब कुणी घेत नाही.

मुलीला घेऊन वरच्या मजल्यावर गेलो. एका प्राध्यापकांच्या टेबलावर तसंच यंत्र होतं, त्यांच्या विभागाचं नवंकोरं स्टिकर लावलेलं. मुलगी तीनदा सॉरी म्हणाली. मी विचारलं, "हे कधी घेतलंत?" त्यांनी दहा मिनिटं विज्ञानाचं महत्त्व सांगितलं. तारीख विचारल्यावर जो तत्त्वज्ञान सांगतो, त्याला मी पूर्वी बसवून ठेवत असे.

मुलगी कानाशी पुटपुटली, "बाबा, उलटं करून बघा ना. थंड खोलीत स्टिकर गळून पडायची, म्हणून मी सगळ्या मशीनवर नाव घातलंय. आईच्या त्या भांड्यांवर नाव कोरायच्या पेनने."

"मग आधी का नाही बोललीस?"

"सरकारी वस्तू आहे, बाबा! लाज वाटली."

मुद्देमाल उलटा केला. तळाशी ठिपक्याठिपक्यांनी, देवनागरीत, तिचं नाव आणि खरेदीची तारीख.

"ही कसली अक्षरं?" प्राध्यापकांनी विचारलं.

"मालकिणीचं नाव," मी म्हणालो.

यंत्र आठवड्यासाठी उसनं आणल्याचं त्यांना लगेच आठवलं. स्टिकर कुणी लावलं ते आठवेना. मीही ताणलं नाही.

सोमवारी तपासणीआधी ते स्वतः यंत्र घेऊन खाली आले. वर मफिनचं खोकं होतं. मुलीची सही आणि नोकरी दोन्ही शाबूत राहिली.

मोठ्या माणसाकडे गेलेली वस्तू शेजारी गेलेल्या वाटीसारखी असते, हे मी या प्रकरणात शिकलो. ती चोरीला गेलेली नसते, पण मागितल्याशिवाय परत येत नाही. आणि भांडं रिकामं परत करू नये, हे त्या प्राध्यापकांना कुणी शिकवलं, याचा तपास अजून लागलेला नाही.