बुधीआक्काची कामोणी

बुधीआक्का कुणालाही फळ देण्याआधी त्यातलं एक स्वतः खायची. टोपलीत रानबोरं असोत, करवंदं असोत की कामोणी, समोरच्याच्या देखत एक तोंडात टाकणार, नीट चावून गिळणार आणि मगच ओंजळ पुढे करणार. "पहिले मी खासू, मंग तुम्ही," हे तिचं ठरलेलं. पिंपळनेरला आमच्या शाळेच्या फाटकाशी ती मधल्या सुट्टीत बसे. तिचं गाव पश्चिमेच्या डोंगरात, तिथून पायी यायची.

कामोणी म्हणजे बांधावर तणासारखी उगवणारी, मिऱ्याएवढी काळी फळं. मुलं ती खाऊन जांभळ्या जिभांनी वर्गात येत आणि मी उगाच ओरडे. आक्का एकेक फळ निवडून घ्यायची. हिरवं दिसलं की बाजूला. "हिरवाले हात लावानं नही, पोट बिघाडस. बठ्ठं काळं व्हवू द्या," असं ती पोरांना दम देऊन सांगायची. आमच्या विज्ञानाच्या तासाला इतकी शांतता कधी नसे.

मी तिथली मुख्याध्यापिका, मूळची धुळ्याची, आणि मला नवनवीन दिवस साजरे करायची भारी हौस. एका फेब्रुवारीत मी 'बेरी डे' काढला. भिंतीवर जगाचा नकाशा, टेबलावर स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी, सुकवलेली क्रॅनबेरी. आक्कालाही बोलावलं, खरं तर फोटो चांगला येईल म्हणून. ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली. ब्लूबेरी चाखून म्हणाली, "हाई तं मोठी कामोणी शे, पन चव नही." सगळे हसले. मग नेहमीप्रमाणे आधी स्वतः खाऊन तिने कामोणी वाटली.

स्ट्रॉबेरीसोबतचं क्रीम मी आदल्या दिवशी धुळ्याहून आणलं होतं. रात्रभर वीज नव्हती. सकाळी डबा उघडला तेव्हा किंचित आंबूस वास आला. मला आला, दुसऱ्या कुणाला नाही. मी त्यात आणखी साखर घातली आणि वाढलं.

दुपारी दहा-बारा मुलांना उलट्या झाल्या. दुसऱ्या दिवशी ती बरी झाली, पण पालक ऑफिसात येऊन उभे राहिले. "ती जंगलातली काळी फळं मुलांना कुणी खाऊ दिली?" एका वडिलांनी विचारलं. खरं सांगायला तेवढाच क्षण होता. मी म्हणाले, "यापुढे त्या बाईंना फाटकाशी बसू देणार नाही." आक्काच्या फळांना मी विषारी म्हटलं नाही, ही पळवाट मी पुढे कितीतरी दिवस मनात जपली. आज तिचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

आक्का त्याच दिवशी मधल्या सुट्टीत आली. शिपायाने हटकलं तेव्हा रस्त्यापलीकडे निंबाखाली बसली आणि मुलांना हाक मारून म्हणाली, "काल बी हाईच खादं ना मी! माले काय झायं?" तिने मूठभर कामोणी खाल्ली, मग आणखी मूठभर. मुलं लांबूनच बघत होती. रोज तिच्या मांडीला खेटून बसणारी तिसरीतली एक मुलगी किंचाळून पळाली. मी खिडकीतून बघितलं आणि खिडकी लावून घेतली. त्यानंतर आक्का शाळेकडे फिरकली नाही.

पावसाळ्यानंतर राहवेना, म्हणून तिच्या गावी गेले. अंगणात ती नागली पाखडत होती. मी क्रीमचं सगळं सांगितलं, रडले, पाया पडायला वाकले. तिने सूप खाली ठेवलं नाही.

"माले सांगीसन काय फायदा?" ती म्हणाली. "मी काय खवाडं, माले माहित शे. बजारमां पोरे माले पाहीसन पळतस. त्यास्ले सांग."

"सांगते," मी म्हणाले.

रोज प्रार्थनेनंतर माईक माझ्याच हातात असायचा. सूचना द्यायच्या, वाढदिवस सांगायचे, आणि माईक बंद करायचा. उद्या सांगू, परीक्षा होऊ दे, इन्स्पेक्शन होऊ दे, असं करता करता ती मुलं दहावी होऊन बाहेर पडली.

गेल्या महिन्यात आक्का गेली. मी भेटायला गेले तेव्हा तिची सून मला ओसरीत घेऊन बसली. "शेवटलोंग एकच इचारे," ती म्हणाली, "'मॅडमनी पोरेस्ले सांगं का?' सांगं ना, मॅडम?"

मी म्हणाले, "हो, सांगितलं."

"बरं झायं," ती म्हणाली आणि माझ्यासाठी चहा ठेवायला उठली.