केळीचं पान आणि पोळलेला हात

नव्वदच्या सुमारास रावेरला माझा दवाखाना होता. भरताची वांगी भाजताना हात पोळलेल्या एक अक्का रोज पट्टी बदलायला येत. जखमेतलं पाणी पट्टीच्या धाग्यांत घट्ट व्हायचं, नव्या कातडीच्या पेशी त्यात गुंतायच्या आणि पट्टी ओढली की सगळंच सोलून निघायचं. चौथ्या दिवशी अक्का भडकल्या, "आम्ही केळीच्या पानावर भरीत वाढतो. चिकटतं का कधी?"

मग मी रोज ताजं पान वाफवून बांधू लागलो. त्या मेणचट गुळगुळीतपणावर काहीच धरेना. खाली पेशी निवांत पसरल्या. आठवड्यात गुलाबी कातडी आली.

"डॉक्टरभाऊ, तुम्ही पानावर कधी जेवलाच नाहीत वाटतं," अक्का म्हणाल्या.

मी हसलो. दवाखान्यामागचा केळीचा मळा माझ्या वडिलांचाच होता.