स्पेलिंगचा तास

आमच्या इंग्रजीच्या सरांचा एक नियम होता. ज्याला स्पेलिंग येईल त्याने न येणाऱ्याच्या थोबाडीत मारायची. मार खाणाऱ्याने हात पाठीमागे बांधायचे, मान ताठ ठेवायची आणि डावा गाल पुढे करायचा. मारणाऱ्याने हात आखडता घेतला की सर म्हणायचे, "माशी हाकलतोस काय?" मग कशी मारतात ते त्याच्याच गालावर करून दाखवायचे. पोरांकडूनच पोरं बडवून घ्यायची ही सोय कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाली होती देव जाणे.

खोडाळ्याच्या अलीकडची ती निवासी शाळा, आणि आम्ही सगळी पाड्यांवरची पोरं. घरची भाषा वेगळी, मराठीसुद्धा शाळेत येऊन शिकलेली. पण मराठीत निदान बोलाल तसं लिहिता येतं. वरून ही इंग्रजी बोकांडी बसली. वेन्सडे म्हणायचं आणि मधे डी कोंबायचा. आयलंडमधला एस, वॉकमधला एल, लिसनमधला टी, सगळे फुकटे. पाठ व्हावं म्हणून सरच आम्हाला 'वेडनेसडे', 'इसलँड' असं घोकायला लावायचे, आणि धडा वाचताना तसं तोंडातून निघालं की पुन्हा थोबाडीत! दोन्हीकडून मारच.

माझ्या शेजारी बसायची ती पोरगी जे ऐकेल तेच लिहायची. नाइफ ऐकलं की एन, आय, एफ. एकदा तिने उभं राहून विचारलं, "सर, के बोलायचाच नाही, तर लिहायचा कशाला?"

आज मी जव्हारला इंग्रजीच शिकवते, आणि याहून चांगला प्रश्न मला अजून कुणी विचारलेला नाही. इंग्रजांच्या तोंडात पूर्वी तो के होता. पुढे बोलता बोलता गळून गेला, लिहिण्यात मात्र राहिला. एवढंच तर सांगायचं होतं. पण सरांना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी पहिल्या बाकावरची सगळी हुशार पोरं उठवली आणि एकेकाला तिच्यासमोर उभं केलं. आठवीत दिवाळीच्या सुट्टीला ती घरी गेली ती परत आलीच नाही.

आता ती दाभोशाला असते, मिळेल त्या मजुरीला जाते. तिची लेक जव्हारला हॉस्टेलवर राहून शिकते, अतिशय हुशार. यंदा आमच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप निघाला आणि शाळेत स्नेहमेळावा ठरला. आईची शाळा बघायची म्हणून लेकीने हट्टच धरला. जव्हारहून आम्ही एकाच जीपने निघालो. पोरगी पुढच्या सीटवर होती. मैत्रीण माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "पोरीला काही सांगू नको हां. मी तिला सांगितलंय, पहिल्या नंबरात होते, घरच्यांनी शाळेतून काढलं म्हणून राहिलं."

"मी कशाला सांगू, वेडी का तू?" मी म्हटलं.

सरांना शाल झाली, नारळ झाला. सर म्हातारे झालेत, हात कापतो. सगळे पाया पडले. मी नाही पडले, आणि त्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही. मग पहिल्या बाकावरचा एक, आता तालुक्याला क्लार्क आहे, माईक घेऊन ओरडला, "सर, एकदा स्पेलिंगचा तास होऊन जाऊ दे!" टाळ्या. सर खुलले. क्लार्कने माझ्या मैत्रिणीकडे बोट केलं. "हिला नाइफ विचारा, सर. हिचा नाइफ फेमस!"

ती नव्या साडीचा पदर सावरत उभी राहिली. हसत होती. "एन..." म्हणाली, आणि सगळा वर्ग हसत सुटला.

मागून तिची लेक ओरडली, "के, आई! आधी के!"

बिचारी आईला वाचवायला गेली. सरांनी वळून बघितलं. "शाब्बास! हिची मुलगी का तू? मग नियम तो नियम. ये पुढे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बस झालं, सर," म्हणत मी उठले. पण मैत्रिणीनेच माझा हात दाबून मला खाली बसवलं. "गप गं. गंमत चाललीय."

मला कळलं. मी तमाशा केला असता तर ही गंमत नाही हे पोरीला समजलं असतं. म्हणून मी बसले, दात ओठ खात.

पोरगी पुढे आली. आईच्या गालाला तिने नुसती बोटं लावली. सर म्हणाले, "माशी हाकलतेस काय?" सगळे हसले. पोरगी इकडेतिकडे बघायला लागली. आई हळूच म्हणाली, "मार गं. मला नाही लागत."

तिने मारली. चांगली वाजली. टाळ्या पडल्या, क्लार्कने फोटो काढला, आणि जेवायची पानं मांडेपर्यंत तो ग्रुपवर आलासुद्धा. डोंबलाची गंमत!

परतीच्या जीपमध्ये पोरगी आमच्या मधे बसली होती. बराच वेळ तो फोटो मोठा करून बघत होती. मग तिने विचारलं, "आई, तुला कुणी सांगितलं नव्हतं. तू हात मागे का बांधलेस?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी बाहेर रस्त्याकडे बघायला लागले.

पोरीने मोबाइल बंद केला. "म्हणजे पहिल्या नंबरात नव्हतीस तू."

"नव्हते," आई म्हणाली.